चारही रॅम चांगल्या, तरी कॉम्प्युटर बिघडलेला: पाथर्डी फाट्यावरचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

मी दिवसा नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. कॉम्प्युटर रिपेअरिंग हा काही माझा धंदा नाही, पण ओळखीत कोणाचा पीसी अडला की फोन मलाच येतो. हे प्रकरण एका मित्राच्या घरचं. तो लग्नाचे फोटो काढतो, वहिनी अल्बम डिझाइन करतात, पाथर्डी फाट्याला फ्लॅटच्या आतल्या खोलीत सगळा कारभार. नावं देत नाही. दोघांना विचारून लिहितोय. दुकानाचं नाव पण टाकत नाही, आणि तसंही दुकानदाराची चूक किती हा प्रश्नच आहे, ते पुढे येईल.

पीसी २०२० मध्ये मीच जोडून दिलेला. रायझन ५ ३६०० प्रोसेसर, चार रॅम स्लॉटवाला बी४५० बोर्ड, आठ-आठ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम ३२०० स्पीडच्या, विंडोजसाठी एसएसडी आणि फोटोंसाठी मोठी हार्ड डिस्क. पाच वर्षं एकदाही कुरकुर नाही. जोडताना मी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एक्सएमपी चालू करून दिलं होतं, म्हणजे रॅमच्या पाकिटावर लिहिलेला पूर्ण स्पीड मिळावा म्हणून. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण मी स्वतः ते साफ विसरलो होतो.

१६ जीबी कमी का पडायला लागली तर अल्बमची साइज. १२ बाय ३६ इंचाचं एक पान ३०० डीपीआयला म्हणजे ३६०० गुणिले १०८०० पिक्सेल, जवळपास ३ कोटी ८९ लाख पिक्सेल. साध्या ८ बिट आरजीबीत एका पिक्सेलला तीन बाइट, म्हणजे पानभर पसरलेल्या एकाच लेयरला ११६ एमबीच्या वर मेमरी. वहिनींच्या एका पानात असे पंचवीस-तीस लेयर सहज असतात, आणि अशी दोन-तीन पानं एकावेळी उघडी, मागे लाइटरूम, बाजूला क्रोम, त्यात पार्टीशी व्हॉट्सअ‍ॅप. फोटोशॉप मग रॅम संपली की डिस्कवर लिहायला लागतं आणि ब्रश हलवला की रेघ दोन सेकंदांनी येते. ऐन लगीनसराईत हे कोणाला परवडणार.

म्हणून नोव्हेंबर २०२५ च्या शेवटी मित्राने एमजी रोडवर जाऊन सोळा-सोळाच्या दोन नवीन रॅम आणल्या. तेव्हा रॅमचे भाव रोज चढत होते, जुन्या मॉडेलची जोडी मिळेना, तर दुकानदार म्हणाला ह्या पण ३२०० च आहेत, जुन्यांसोबत लावा, ४८ होतील. दुकानातल्याच पोराने घरी येऊन लावून दिल्या. चालू केलं, ४८ दिसले, खूष.

काय बिघडलं

पहिले दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी निळी स्क्रीन, त्यावर कोड मेमरी मॅनेजमेंट. रीस्टार्ट केलं, चाललं. दोन दिवसांनी परत निळी स्क्रीन, ह्यावेळी आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल. मग क्रोमचे टॅब आपोआप मरायला लागले. मग पार्टीने पाठवलेली झिप फाइल उघडेना, सीआरसी एरर (म्हणजे फाइल आतून बिघडलीय), तीच फाइल पाच मिनिटांनी परत उघडली तर उघडली. फोटोशॉप सेव्ह करताना प्रोग्रॅम एरर म्हणून एकदा थांबलं.

ह्यातलं प्रत्येक लक्षण सुटं बघितलं तर त्याचं सुटं कारण सापडतं, आणि घरात नेमकं तेच झालं. टॅब मेले म्हणून क्रोम काढून परत टाकलं. झिप उघडेना तर पार्टीलाच सांगितलं की फाइल नीट पाठवा (त्या बिचाऱ्याने तीनदा पाठवली). निळ्या स्क्रीनसाठी ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला. मित्राने इव्हेंट व्ह्यूअर उघडून कर्नल पॉवर ४१ बघितलं आणि लाइटचा प्रॉब्लेम ठरवून यूपीएसची बॅटरी बदलून घेतली. कर्नल पॉवर ४१ एवढंच सांगतं की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं, का पडलं ते सांगत नाही, पण नावात पॉवर आहे ना, मग संशय महावितरणवर जाणारच.

ह्या सगळ्यात मला फोन आला तो सोळाव्या दिवशी. सोळा दिवस! मध्ये दुकानातला पोरगा येऊन गेला, त्याने विंडोजचीच मेमरी टेस्ट लावली, अर्ध्या तासात पास झाली, तर म्हणाला रॅम ओके आहे, हीट होतंय, नाहीतर विंडोज फॉरमॅट करा. डिसेंबरात, निफाडला सकाळी शेकोट्या पेटतायत आणि ह्याचा पीसी म्हणे हीट होतोय.

फोनवर मी एकच गोष्ट विचारली, निळ्या स्क्रीनवर दर वेळी तोच कोड येतो का. वहिनींनी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते, फोटोवाल्यांच्या घरचा फायदा. पाच फोटो, चार वेगवेगळे कोड. ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा तोच कोड आणि तीच फाइल परत परत येते. दर वेळी वेगळं काहीतरी, वेगळ्या प्रोग्रॅममध्ये, आणि सुरुवात नेमकी रॅम टाकल्यावर, म्हणजे आधी मेमरीवर संशय घ्यायचा.

पहिला निर्णय: काम थांबवायचं की नाही

त्या दिवशी शुक्रवार, सोमवारी एका अल्बमची डिलिव्हरी. मी सरळ म्हणलं, "वहिनी, आत्ता काही सेव्ह करू नका, आणि बॅकअपची हार्ड डिस्क आधी काढा." त्या म्हणाल्या, "भाऊजी, सोमवारी पार्टी दारात उभी राहील, तुम्ही म्हणताय सेव्ह करू नका?"

बॅकअपचं कारण असं. फाइल कॉपी होते तेव्हा ती रॅममधून जाते. रॅममध्ये एक बिट उलटा झाला तर फाइल तशीच उलटी डिस्कवर लिहिली जाते, विंडोज काही बोलत नाही, साइज पण तीच दिसते. आणि त्यांचं बॅकअपचं सॉफ्टवेअर बदललेल्या फाइल जुन्यांवर लिहायचं, म्हणजे चांगल्या कॉपीवर खराब कॉपी बसणार. क्रॅश झालेला पीसी निदान कळतो तरी. हे मात्र गुपचूप चालतं. डिस्क काढायला लावली हा ह्या पूर्ण प्रकरणात माझा सगळ्यात बरोबर निर्णय होता असं मला अजून वाटतं, बाकीच्यांत मी पण गोंधळ घातला.

कामासाठी तोड अशी काढली की नवीन दोन्ही रॅम काढायच्या, जुन्या १६ जीबीवर दिवसा काम करायचं, हळू चालेल पण पाच वर्षं हेच चाललंय, आणि रात्री सगळं लावून टेस्ट. वहिनी तयार झाल्या, तोंड वाकडं करून.

तीन रात्री

मेमटेस्ट८६ हा रॅम तपासायचा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाकून त्यावरूनच पीसी चालू केला. विंडोजच्या टेस्टपेक्षा हिचा मारा जास्त कडक असतो, फुकटच्या व्हर्जनमध्ये चार फेऱ्या मिळतात, ४८ जीबीला त्यात रात्र जाते.

शुक्रवारी रात्री चारही रॅम लावून टेस्ट लावली आणि आम्ही चहा घेत बसलो. पहिली चाळीस मिनिटं काही नाही, मित्र म्हणाला बघ, रॅम ठीक आहे. थोड्या वेळाने वहिनीच आतून ओरडल्या, लाल झालं म्हणून. जाऊन बघितलं तर एरर मोजण्याचा आकडा चढत होता. एक रॅम खराब आहे, उद्या दुकानात बदलून आण, असं सांगून मी घरी निघालो.

इथे मी चुकलो. मित्र शनिवारी सकाळी दोन्ही नवीन रॅम घेऊन दुकानात गेला, तिथे त्यांनी त्यांच्या मशीनवर लावून टेस्ट केली, पास. बाचाबाची झाली. दुकानदार म्हणाला माल चांगला आहे, बदलणार नाही, हा म्हणाला माझा मित्र म्हणतो खराब आहे. पार्किंगसाठी पाऊण तास गेला तो वेगळाच.

शनिवारी रात्री फक्त नवीन दोन लावल्या. चारही फेऱ्या पास, शून्य एरर. मला खरं वाटेना. रविवारी रात्री फक्त जुन्या दोन, त्याची खरं तर गरज नव्हती पण डोक्यात शंका नको, त्या पण पास.

म्हणजे नवीन चांगल्या, जुन्या चांगल्या, चारही एकत्र लावल्या की खराब. आमच्याकडे कंपनीत असं झालं की आम्ही दोन मशीनच्या मधला कपलिंग बघतो. इथे मधलं काय, तर बोर्ड, प्रोसेसर आणि बायोसमधलं सेटिंग. बोर्डाचा एखादा स्लॉट गेला असेल अशी पण शंका आली, पण त्यासाठी पीसी उचलून नेण्याआधी सेटिंग बघून घेऊ म्हणलं.

कारण सापडलं ते असं

सोमवारी संध्याकाळी चारही रॅम लावून विंडोज चालू केलं, काही सेव्ह न करता, आणि सीपीयू-झेड हा पीसीतल्या पार्टची माहिती दाखवणारा प्रोग्रॅम उघडला. त्यात एसपीडी टॅबमध्ये प्रत्येक स्लॉटमधली रॅम स्वतःबद्दल काय सांगते ते दिसतं. जुन्या रॅम: एक्सएमपी ३२००, टायमिंग (डेटा द्यायला घड्याळाचे किती ठोके लागतात, पहिला आकडा महत्त्वाचा) १६-१८-१८-३८, १.३५ व्होल्ट. नवीन रॅम: ३२०० च, पण टायमिंग २२-२२-२२, १.२ व्होल्ट, आणि एक्सएमपी प्रोफाइलची रांगच रिकामी.

मग मेमरी टॅब, म्हणजे आत्ता प्रत्यक्षात काय चालू आहे. चारही रॅमना मिळून टायमिंग १६.

डीडीआर४ ३२०० म्हणजे घड्याळ १६०० मेगाहर्ट्झचं, एक ठोका ०.६२५ नॅनोसेकंदाचा. २२ ठोके म्हणजे १३.७५ नॅनोसेकंद, १६ ठोके म्हणजे १०. नवीन रॅम सांगतेय की मला मागितलेला डेटा द्यायला १३.७५ नॅनोसेकंद लागतील, आणि बोर्ड जुन्या रॅमचा कागद वाचून तिच्याकडून १० मध्ये मागतोय. बहुतेक वेळा ती देते पण, चिप बऱ्या असल्या की देतात. पण कधीतरी एखादा बिट चुकतो, आणि तो कधी क्रोमच्या टॅबमध्ये पडतो, कधी झिपमध्ये, कधी नवरीच्या फोटोत.

नवीन रॅम एकट्या लावल्या की त्यांच्यात एक्सएमपी नाहीच, मग बोर्ड आपोआप २२ वर चालवतो आणि टेस्ट पास. दुकानात पण तसंच झालं. जुन्या एकट्या त्यांच्या हक्काच्या १६ वर, पास. दुकानदार खरं बोलत होता, आम्ही पण खरं बोलत होतो.

आणि एक्सएमपी कोणी चालू केलं होतं? मीच, २०२० मध्ये. काही बोर्ड रॅम बदलली की सेटिंग मूळ पदावर नेतात, ह्या बोर्डाने नेलं नाही. खुर्चीवर बसून मी थोडा वेळ गप्पच होतो. मित्राने विचारलं काय झालं, म्हणलं काही नाही, पाणी दे.

शिवाय दुसरी भानगड. चार स्लॉट भरले की प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरवर लोड वाढतो. रायझन ३००० सिरीजला एएमडी स्वतः दोन रॅमला ३२०० सांगतं, पण चार सिंगल रँक (चिपचा एकच गट असलेल्या) रॅमला २९३३ आणि चार ड्युअल रँकला (दोन गट) २६६७. नवीन सोळाच्या ड्युअल रँक निघाल्या, जुन्या सिंगल. म्हणजे टायमिंग सुधारून दिलं तरी चार रॅमवर ३२०० ची खात्री कंपनी पण देत नाही. पाकिटावरचा ३२०० हा रॅमचा आकडा आहे, प्रोसेसर किती ओढेल तो हिशोब वेगळा, आणि तो दुकानात कोणी विचारत नाही.

पर्याय

तिघांची तीन मतं होती. मित्राचं मत, व्होल्टेज थोडं वाढवू, टायमिंग हाताने भरू, यूट्यूबवर बघितलंय, चारही ३२०० वर चालतील. चालतील पण कदाचित. पण त्यासाठी प्रत्येक बदलानंतर एक रात्र टेस्ट, आणि एवढं करून मिळणार काय तर अल्बमच्या कामात जाणवणार पण नाही असा फरक. गेमिंगवाल्याने करावं, त्याचा क्रॅश झाला तर एक मॅच जाते.

माझं मत, जुन्या काढून टाका, नवीन दोनच ठेवा, ३२ जीबी, २२ वर. कमी स्लॉट, कमी कटकट.

सगळं विकून चार एकसारख्या किंवा मोठी जोडी घ्यायची हा पर्याय भावामुळे बोलून झाल्यावर लगेच सोडून दिला. फॉरमॅटचा पर्याय मी थांबवला, कारण बिघडलेल्या मेमरीवर नवीन विंडोज टाकलं तर ते विंडोजच बिघडलेलं उतरू शकतं.

वहिनींचं म्हणणं वेगळंच, "भाऊजी, ४८ चे पैसे गेलेत, ४८ वापरून तर बघू. हळू चाललं तर चालू दे, मला फक्त उद्या सकाळी बसायचंय."

मग एक्सएमपी बंद केलं, बोर्डाने आपोआप २६६६ धरलं, व्होल्टेज १.२ वर आलं. रात्रभर मेमटेस्ट. सकाळी सात वाजता वहिनींचा फोटो आला, चार फेऱ्या, शून्य एरर. आठला त्या कामाला बसल्या. सोमवारची डिलिव्हरी मंगळवारी संध्याकाळी गेली, पार्टी थोडी बोलली.

निस्तरणं

पीसी बरा झाला, पण त्या सोळा दिवसांत जे लिहिलं गेलं त्याचं काय, हा खरा त्रास इथून पुढे.

विंडोजसाठी एसएफसी स्कॅन चालवलं, त्याने काही सिस्टिम फाइल दुरुस्त केल्या. तेवढ्यावर सीझनभर चालवलं आणि जानेवारीत विंडोज नव्याने टाकलंच. म्हणजे दुकानातल्या पोराने सांगितलेला उपाय आम्ही शेवटी केला, फक्त त्याच्या आधी करायचं होतं ते करून.

फोटोंचं मात्र हाताने बघावं लागलं. त्या काळात तीन लग्नं कार्डवरून डिस्कवर घेतली होती. दोन लग्नांची कार्डं अजून तशीच होती, त्यांच्या आणि डिस्कवरच्या फाइलचे हॅश (फाइलच्या आतल्या डेटावरून निघणारा ठसा) काढून जुळवले, जे जुळले नाहीत ते कार्डवरून परत घेतले. तिसऱ्या लग्नाची कार्डं फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नात वापरून झाली होती.

त्या तिसऱ्या लग्नाचे सगळे फोटो वहिनींनी दोन दिवस बसून एकेक मोठे करून बघितले. चौदा खराब निघाले. हळदीचा एक फोटो मला दाखवला, वर मंडपाची झालर, नवरीचं कपाळ, डोळे अगदी स्वच्छ, आणि नाकाच्या खाली आडवी रेघ मारल्यासारखं, तिथून खालचं सगळं चित्र डावीकडे सरकलेलं आणि हळदीचा पिवळा रंग गुलाबी झालेला. जेपेगचं असंच असतं, एका जागी बिट चुकला की तिथून पुढचं उलगडताना सगळंच घसरतं. नशीब असं की मित्राच्या मेन कॅमेऱ्यात दोन कार्ड बसतात, दुसऱ्या कार्डवर त्याची कॉपी पडत होती आणि ते कार्ड त्याने आळशीपणाने रिकामं केलं नव्हतं. चौदातले अकरा तिथून मिळाले. उरलेले तीन असिस्टंटच्या कॅमेऱ्यातले, एकच कार्डवाल्या. ते गेले. त्यातल्या एकाचा वरचा भाग कापून वहिनींनी एका कोपऱ्यात बसवला.

पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्या फाइलमध्ये दोन पानं उघडेनात, ती नव्याने केली.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माझंच. रॅम आणायच्या आधी मित्राने मला मेसेज केला होता, दोन सोळाच्या घेऊ का म्हणून, मी कंपनीत होतो, अंगठा दाखवून मोकळा झालो. तेव्हा एक ओळ लिहिली असती की लावल्यावर एक्सएमपी बंद कर आणि रात्रभर मेमटेस्ट लाव, तर हे लिहायची वेळ आली नसती. आणि पहिल्या रात्री चार रॅम एकत्र फेल झाल्या त्यावरून एक खराब आहे असं मी कशाच्या जोरावर सांगितलं? चारचा निकाल चारचाच असतो. कंपनीत कोणी असं केलं तर मीच त्याला झापतो.

मित्राचं म्हणाल तर, कार्ड लगेच फॉरमॅट करायची सवय. आता अल्बम छापून हातात पडेपर्यंत कार्ड रिकामं होत नाही, त्यासाठी चार कार्ड जास्तीची घेतली.

दुकानदाराबद्दल मला राग नाही. त्याने विकलेला माल चांगलाच होता. फक्त जुनी रॅम कुठली, एक्सएमपी चालू आहे का, एवढं तरी विचारायला हवं होतं असं वाटतं, पण एमजी रोडला संध्याकाळी सहाच्या गर्दीत कोण विचारतो.

सध्या काय आहे

जानेवारीत सीझन ओसरल्यावर वहिनींना टास्क मॅनेजर उघडा ठेवून आठवडाभर काम करायला सांगितलं. सगळ्यात जास्त आकडा २९ जीबीपर्यंत गेला. मग जुन्या दोन काढल्या, नवीन दोन ३२०० ला २२ टायमिंगवर, परत एक रात्र टेस्ट, पास. ३२ वर काही अडत नाहीये आणि २६६६ वरून ३२०० झालं हे वहिनींना सांगेपर्यंत कळलं पण नव्हतं. जुन्या दोन रॅम पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये आहेत, परत कधी संशय आला तर लावून बघायला.

आमच्याकडे प्रत्येक मशीनला आतून एक कार्ड चिकटवलेलं असतं, काय बदललं, कधी, कोणी. तसं एक मी कॅबिनेटच्या आत चिकटवलं: रॅम १६ + १६, एक्सएमपी बंद, १.२ व्होल्ट, मेमटेस्ट चार फेऱ्या पास, तारीख, सही. परवा यूपीएसची वायर बघायला झाकण उघडलं तर खाली वहिनींनी मार्करने एक ओळ वाढवलेली, "मला विचारल्याशिवाय कोणीही हात लावू नये. भाऊजींनी पण."